पेटीतले मूल आणि बाकावरची आई

नळदुर्गच्या एस.टी. स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत अधूनमधून एखादा असा गृहस्थ दिसतो, की ज्याच्या एका हातात पितळी कडीचा डबा आणि दुसऱ्या हातात धुतलेल्या कपड्यांचे गाठोडे असते. कुणी विचारलेच तर तो एवढेच सांगतो : "सोलापूरला चाललोय. लेकराला पेटीत ठिवलंय." विचारणाराही पुढे फारसे काही विचारीत नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले मूल, काचेची पेटी आणि तीत अडकलेली घरादाराची आशा हा सारा प्रसंग त्या एका शब्दात उभा राहतो. "किती दिस?" या प्रश्नाला मात्र उत्तर नसते. "डाक्टर काय सांगंनात," असे म्हणून तो गाडीकडे वळतो.

नळदुर्गहून सोलापूर सुमारे ४५ ते ५० किलोमीटर. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव एके काळी निजामी राजवटीत जिल्ह्याचे ठाणे होते. जिल्ह्याला नावही नळदुर्गचेच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते ठाणे उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास गेले. कचेऱ्या गेल्या की त्यांच्यामागून शाळा, दवाखाने आणि पैसा जातो, याचा अनुभव महाराष्ट्रातील अनेक जुन्या ठाण्यांनी घेतला आहे. बोरी नदीवरचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल तेवढे जागचे हलले नाहीत. दीड किलो वजनाचे मूल जन्माला आले, की आजही येथील माणसाला धाराशिव गाठावे लागते किंवा सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले मोठे रुग्णालय, ज्याला सारा मुलूख 'सिव्हिल' म्हणूनच ओळखतो, ते गाठावे लागते. ऐपत असेल तर खाजगी दवाखाना. आणि पुष्कळदा ऐपत नसतानाही.

हा प्रश्न मूठभर घरांचा नाही. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख मुले ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मली, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या अशा मुलांपैकी हा वाटा पाचव्या हिश्श्याहून अधिक भरतो. महाराष्ट्राचा बालमृत्युदर त्याच वर्षी हजार जन्मांमागे १६ होता आणि त्यांपैकी ११ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. याचा अर्थ, लसी, शाळा, पोषण आहार या साऱ्यांची पाळी येण्यापूर्वीच बाजी बहुतांशी लागून गेलेली असते. आणि या बाजीत हरणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा भरणा मोठा असतो.

पेटीविषयी आपल्याकडे श्रद्धा फार. वस्तुतः सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आज मिटलेली काचेची पेटी क्वचितच असते. वरून ऊब देणारा उघडा पाळणा असतो. लोक त्यालाही पेटीच म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. मूळची पेटी पॅरिसची. १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि तसलेच यंत्र अर्भकांसाठी करवून घेतले. पुढे मार्टिन कूनी नावाच्या एका उद्योगी गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील जत्रेत अशा पेट्यांतली जिवंत बाळे मांडली. १९०३ पासून १९४३ पर्यंत लोक तिकीट काढून ती पाहात आणि त्या तिकिटांच्या पैशांवर त्या बाळांचा इलाज होई. आईबापांकडून तो काही घेत नसे. ऐकताना अंगावर काटा येतो खरा, पण उपचारांचा खर्च कुणी भरायचा या प्रश्नाला त्याने निदान एक उत्तर शोधले होते. तार्निएचा शिष्य पिएर ब्युदँ याने मात्र त्याच काळात एक वेगळी गोष्ट हेरली : पेटीने ऊब मिळते, वाढ मिळत नाही, वाढ आईच्या दुधाने होते, आणि आईला मुलापासून दूर ठेवले तर दूधही जाते व मायाही पातळ होते.

सव्वाशे वर्षांनंतरही सगळा गुंता त्याच जागी आहे.

नवव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका तालात करता येतात. हा ताल साधारणपणे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमतो. त्याआधी जन्मलेल्या मुलाच्या तोंडात बळेच दूध घातले, तर ते घशातून श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते. म्हणून अगदी लहान मुलाला आरंभी शिरेतून द्रव दिले जाते, मग तोंडातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने थेंबाथेंबाने दूध; बत्तीस आठवड्यांच्या पुढे वाटी-चमच्याने किंवा पलाडईने, आणि मग अंगावर. पलाडई हे दक्षिणेकडचे उघड्या चोचीचे भांडे. आपल्या घरोघरी असलेल्या बोंडल्याचेच ते भावंड. फरक इतकाच, की बोंडल्याच्या अरुंद तोटीत घाण अडकून राहते आणि पलाडई आतून घासता येते. जुने चांदीचे बोंडले काढून आणणाऱ्या आजीबाईंना हे समजावून सांगणे सोपे नसते, पण सांगावे लागते.

दुधाचे मोजमापही डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखे आहे. मूल १४०० ग्रॅमचे आहे असे धरू. पहिल्या दिवशी त्याला किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात ११२ मिलिलिटर द्रव लागते. दर दोन तासांनी दूध द्यायचे तर एका वेळेस नऊ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचेही पुरे नाहीत. मूल सोसेल तसे हे प्रमाण रोज वाढवीत किलोमागे १५० वर न्यायचे. तेव्हा दिवसाचे २१० मिलिलिटर होतात आणि वेळेस साडेतीन चमचे. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो रात्रीच्या दोन वाजता, चार वाजता आणि सहा वाजताही भरावा लागतो. त्यात पहिल्या आठवड्यात मुलाचे वजन वाढत नाही, उलट दहा-पंधरा टक्के उतरते. जन्माचे वजन परत यायला दोन आठवडे लागतात. तेथून पुढे दिवसाला किलोमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे या मुलाच्या बाबतीत वीस-एकवीस ग्रॅमची भर. घरी सोडण्याच्या वेळी ते १८०० ग्रॅमचे असावे असे धरले, तर हिशेब जवळजवळ पाच आठवड्यांचा होतो. बस स्थानकावरच्या त्या बापाला कुणी हे गणित कागदावर मांडून दाखविले असते, तर "डाक्टर काय सांगंनात" असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली नसती.

पान्ह्याचे अर्थशास्त्र

आता आईकडे वळू. मूल चोखत नाही, तोवर पान्हा टिकायचा कसा? अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा यांचा जो संबंध शिकविला जातो, तो येथे अक्षरशः लागू पडतो : दूध जितके काढले जाईल तितके तयार होते, आणि काढलेच नाही तर काही दिवसांत आटते. म्हणून प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढण्यास प्रारंभ करावा लागतो आणि पुढे दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढीत राहावे लागते. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो तो चमचाभरच. तो 'दूध नाही' म्हणून फेकून देण्याची चूक अजूनही होते. वस्तुतः तेच त्या मुलाचे पहिले औषध. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या आईचे दूध पहिल्या काही आठवड्यांत प्रथिनांनी अधिक संपन्न असते, ही निसर्गाची योजना थक्क करणारी आहे. या मुलांना आतडे सडण्याचा जो जीवघेणा आजार होतो, तो आईच्या दुधावरच्या मुलांत कमी आणि डब्याच्या दुधावरच्या मुलांत जास्त आढळतो.

म्हणजे लाखोंची यंत्रे, पगारी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या बरोबरीने त्या कक्षात एक उत्पादन चालू असते, जे कोणत्याही कारखान्यात होत नाही आणि ज्याच्यावाचून बाकीची गुंतवणूक निम्मी वाया जाते. ते उत्पादन करणारी व्यक्ती बहुधा बाहेर बाकावर बसलेली असते. तिची नोंद 'नातेवाईक' अशी होते. तिला स्वतःला टाके असतात. बाळंतपण होऊन आठवडाही झालेला नसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. येथे ती नळदुर्गहून पहाटेच्या गाडीने आलेल्या डब्यावर असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी हा बाळंतिणीचा आहार आपल्या समाजाने विचारपूर्वक ठरविला आहे. परंतु तो घरातल्या खाटेवरच्या बाळंतिणीसाठी ठरविला आहे, धर्मशाळेतल्या बाळंतिणीसाठी नव्हे.

शासनाने काहीच केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, आजारी नवजाताचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण विनामूल्य केली. नवजातासाठी ही सवलत आरंभी तीस दिवसांची होती. पुढे ती वर्षभरापर्यंत वाढविण्यात आली. परंतु आईच्या जेवणाचा नियम पाहा : साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस. वरच्या गणितातले मूल पाच आठवडे राहते. मधल्या चार आठवड्यांत आईने काय खावे, याविषयी त्या मूळ नियमात काही नाही. कारण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाळंतीण होती, दूध पुरविणारी आई नव्हती.

मजुरीचे तसेच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने अकाली प्रसूतीतून उद्भवणाऱ्या आजारपणासाठी एक महिन्याची जादा पगारी रजा दिली होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आली आहे. तिचा लाभ शिक्षिकेला मिळतो, कारकून स्त्रीला मिळतो. खुरपणीला जाणाऱ्या, ऊसतोडीच्या टोळीत नाव असलेल्या बाईला कोण रजा देणार? तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यामागे ५,००० रुपये आहेत. मूल दिवस भरून झाले काय आणि दोन महिने आधी झाले काय, रक्कम तीच. शिवाय तिचा नवराही डबे पोचविण्यात गुंतल्यामुळे दुहेरी मजुरी बुडते. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले; पण रोज जा-ये करणारा बहुधा पुरुष असतो आणि तो पुरे भाडे भरतो. उपचार विनामूल्य असूनही घरे कर्जात का जातात, हे कोडे सोडविण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांच्या काळजीविषयी नव्या शिफारशी केल्या, तेव्हा रजा आणि इतर हक्क ठरविताना या मुलांच्या आईबापांच्या विशेष गरजा लक्षात घ्याव्यात असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

बोगोटा, शीव, गडचिरोली

आईला आत घेतले तर काय होते, याचे पुरावे गरिबीतूनच आले. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एद्गार रे यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत, एकेका पेटीत दोन-तीन मुले ठेवावी लागत आणि संसर्ग पसरे. त्यांनी मुलांना आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. कांगारूवरून या पद्धतीस नाव पडले. नाईलाजातून निघालेली ही युक्ती आज शास्त्रमान्य आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १ ते १.८ किलोच्या मुलांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाट मुलाच्या कक्षातच ठेवावी लागली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्या पाहणीत होते.

महाराष्ट्राला इतके दूर पाहण्याचेही कारण नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि डब्याचे दूध हद्दपार करून आयांना मुलांच्या देखभालीत सामील करून घेतले आणि १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. ज्या आईला पान्हा कमी, तिच्या मुलाला दुसऱ्या आईचे तपासलेले, तापवून निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. पेढी पैशांचीच असते असे मानणाऱ्या शहरात ही दुसरी पेढी उभी राहिली, हे विशेष. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजाताची काळजी घरात नेली. तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळाला तपासण्याची जी देशव्यापी योजना २०११ पासून चालू आहे, तिचे मूळ या कामात आहे.

प्रत्यक्षात घरी नेण्याची तयारी रुग्णालयात दूध पाजण्याच्या पहिल्या दिवसापासूनच व्हावयास हवी. सुटी होण्याच्या दिवशी कागद हातात देऊन ती होत नाही. नळीने दूध चालू असतानाच आईने मुलाला रिकाम्या स्तनाशी लावावे, म्हणजे त्याला चोखण्याची सवय होते आणि तिचा पान्हाही टिकतो. नळी काढल्यावर एक-दोन दिवस वजन वाढण्याचे थांबते. चोखण्याचे श्रम त्या जीवाला भारी असतात. पण घरच्या मंडळींना वाटते, दूध पुरत नाही, डबा आणा. दुधाचा डबा आणि बाटली यांची जाहिरात भारतात १९९२ च्या कायद्याने बंद आहे, तरी सल्ला देणाऱ्या शेजारणीस तो कायदा लागू होत नाही! वाटी-चमच्याने पाजताना मूल किती सावकाश गिळते, ठसका लागला तर काय करावे, काढलेले दूध झाकून साधारण सहा तास बाहेर टिकते, वाटी दर वेळी उकळावी लागते, हे आईने आणि तिच्या सासूनेही परिचारिकेच्या देखत स्वतःच्या हातांनी करून पाहिले पाहिजे. सासूचा उल्लेख मुद्दाम केला आहे. घरी गेल्यावर निर्णय कोण घेते, हे सांगण्याची गरज नाही. सलग काही दिवस वजन वाढते आहे, अंगातली ऊब आपली आपण टिकते आहे, तोंडाने पुरेसे दूध जाते आहे आणि आईचा हात बसला आहे, एवढे झाल्यावरच घरी जावयाचे. पत्रिकेतला मुहूर्त येथे उपयोगाचा नाही.

सातव्या महिन्याचे मूल जगते आणि आठव्याचे जगत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती साफ खोटी आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पथ्यावरच पडतो. पण या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या मुलाविषयी घरात आधीच निराशा असते आणि आईला नीट जेवू घालण्याचा उत्साहही ओसरतो. सोलापूर-नळदुर्गच्या उन्हाळ्यात मुलाला थंडी कशी वाजेल, असेही लोक विचारतात. पावणेदोन किलोच्या मुलाला पंख्याखाली ओल्या दुपट्यात ठेवले, तर चैत्रातही त्याचे तळवे गार पडतात. कुंची, पायमोजे आणि आईची छाती, हा त्यावरचा स्वस्त इलाज. ती दमली तर बापाची. नळदुर्गातला बाप मुलाला उघड्या छातीशी बांधून ओसरीवर बसेल काय, अशी शंका घेतली जाते. ओसरीवर नाही तर आतल्या खोलीत बसेल. खाटेखालची शेगडी आणि धुरी मात्र निक्षून बंद. त्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. बाळगुटी नको, मधाचे बोट नको, दोन-अडीच किलो होईपर्यंत न्हाऊ-माखूही नको. दोन तासांनी मूल उठले नाही तर त्याला उठवून पाजावयाचे. ते पिईनासे झाले, गार पडले, धापा टाकू लागले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता निघावयाचे.

एक अडचण नकाशातली आहे. आशा कार्यकर्तीच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. पाच आठवडे रुग्णालयात काढलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातली शेवटचीच उरते. विशेष कक्षातून घरी आलेल्या मुलांसाठी वेगळ्या भेटींची सूचना आहे; पण त्यासाठी मुलाला सोडल्याची वार्ता वेळेवर गावी पोचली पाहिजे. सोलापूर पुणे महसूल विभागात, तर नळदुर्ग छत्रपती संभाजीनगर विभागात. माणसे ती सीमा रोज ओलांडतात. कागदाला किती दिवस लागतील, हे ज्याने सरकारी कचेरीत काम केले आहे तोच सांगू शकेल. सोडण्याच्या दिवशी आईच्या हातून आशाताईंना एक दूरध्वनी करविणे, हा त्यावर सर्वांत लवकर होणारा उपाय आहे.

आणि डोळ्यांची तपासणी. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासावा लागतो, फार लहान मुलाचा त्याहूनही आधी; आणि एकदा तपासून भागत नाही, पुन्हा पुन्हा यावे लागते. मूल बाहेरून धडधाकट दिसते, दूध पिते, वजन धरते, आणि आत दृष्टी जात असते. वेळीच कळले तर बहुधा ती वाचविता येते. पुढची तारीख सुटीच्या कागदावर लिहिलेली असते. त्या दिवशी आईला आणि मुलाला पुन्हा ४५-५० किलोमीटर जावयाचे असते. तोवर मजुरी बुडून दीड महिना झालेला असतो, आणि दिवाळीनंतरचे दिवस असतील तर ऊसतोडीची उचल घेतलेली असते व मुकादमाचा निरोप येऊन गेलेला असतो.